पन्नासावा देश

शिरगाव म्हटले की लोक पहिल्यांदा साईमंदिर विचारतात. गुरुवारी सोमाटणे फाट्यापासून गाड्यांची रीघ लागते, त्यामुळे त्यांचे काही चुकते असे नाही. आमच्याकडे पाहुणा यायचा असला तर आम्ही मात्र खूण देहूरोडपासून सांगतो. तिथल्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आमच्या घरातले आजोबा त्या दिवशी गर्दीत पार मागे उभे होते. "दिसलं काही नाही, आवाज तेवढा आला," असे ते शेवटपर्यंत सांगत. आता सांगायची हकिकत याच तारखेला येऊन भिडली, म्हणून ही सुरुवात.

आम्ही म्हणजे बापलेक. बाप कारखान्यातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेला, लेक इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून नोकरीला लागलेली. दोघांनी एकाच दिवशी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी केंद्र चालवण्याची सरकारी परीक्षा दिली. तिचे दोन भाग असतात, एक यंत्रशास्त्राचा आणि एक कायदेकानूंचा. बापाला पहिला सोपा गेला, लेकीला दुसरा. पास दोघेही झालो. भारत सरकारचा परवाना आला आणि व्हीयू या अक्षरांनी सुरू होणारी आपापली खूण प्रत्येकाला मिळाली. हवेत माणसाची ओळख एवढीच.

हॅम म्हटले की बुजुर्गांना किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, टेलिफोन बंद पडले, तेव्हा या हौशी मंडळींनी यंत्रे लावून निरोप पोचवले होते. आमचे काम इतके मोठे नाही. आमच्याकडे एक जुना सेट आहे, एक लॅपटॉप आहे आणि गच्चीपासून शेवग्याच्या झाडापर्यंत ताणलेली तेहतीस फूट तार आहे. झाड मोडके, तार तांब्याची. त्यात आजूबाजूला घरोघरी इन्व्हर्टर, चार्जर, एलईडी दिवे. या सगळ्यांची घरघर सेटमध्ये येते. या गोंगाटात माणसाच्या तोंडचे बोलणे आमच्याकडून परदेशात पोचणे कठीणच. म्हणून आम्ही बोलत नाही. आम्ही एफटी-८ वापरतो.

हे काय आहे ते जरा सविस्तर सांगावे लागेल, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे.

जोसेफ टेलर नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ आहेत. १९७४ साली त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी रसेल हल्स यांनी एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोडताऱ्यातला पल्सार शोधला. पल्सार म्हणजे स्वतःभोवती फिरत ठरावीक ठोक्याने रेडिओलहरी पाठवणारा तारा. त्याबद्दल दोघांना १९९३ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. ज्या माणसाचा जन्म आकाशातून येणारे मरतुकडे आवाज गोंगाटातून वेचण्यात गेला, तोच माणूस हौशी बिनतारीवालाही होता. त्यांनी २००१ साली अशाच क्षीण संदेशांसाठी एक संगणकीय कार्यक्रम लिहिला. पुढे स्टीव्ह फ्रँके यांच्यासोबत २०१७ साली एफटी-८ आले. फ्रँकेंचा एफ, टेलरांचा टी आणि आठ सूर. कार्यक्रमाचे नाव डब्ल्यूएसजेटी-एक्स. तो फुकट मिळतो, आणि आमच्यासारख्यांच्या दृष्टीने ही गोष्ट नोबेलपेक्षा कमी नाही. पल्सारचे आवाज ऐकण्याचे काम आपल्या जिल्ह्यातही चालते. नारायणगावजवळ खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची दुर्बीण आहे. फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना पाहायला मिळते. मुलांना एकदा जरूर न्यावे.

तर एफटी-८ मध्ये प्रत्येक मिनिटाचे पंधरा-पंधरा सेकंदांचे चार तुकडे पडतात. एका तुकड्यात तुम्ही पाठवायचे, पुढच्यात ऐकायचे. संदेश पावणेतेरा सेकंदांहून किंचित कमी चालतो, आणि त्यात मजकूर असतो अवघा ७७ बिटांचा. त्या ७७ बिटांच्या राखणीला आणखी ९७ बिट असतात. वाटेत काही अक्षरे मार खाऊन पडली तरी बाकीच्यांवरून ती उभी करता येतात. त्यामुळे कानाला नुसता फस्स असा आवाज येत असतो आणि पडद्यावर मात्र अक्षरे उमटतात. समोरच्याचा सिग्नल किती क्षीण आहे ते डेसिबलमध्ये लिहून येते. वजा वीस म्हणजे बोलण्याच्या पट्ट्यात जेवढा गोंगाट असतो त्याचा शंभरावा भाग. अशा शंभराव्या भागातून आम्ही जपान ऐकला आहे, ब्राझील ऐकला आहे.

बोलणे म्हणाल तर असे असते. एकजण हाक देतो: आपली खूण आणि आपला चौकोन. सगळ्या पृथ्वीवर नकाशाचे चौकोन आखलेले आहेत. शिरगाव एमके-६८ मध्ये येते, पुणेही त्यातच. दुसरा आपली खूण आणि चौकोन सांगतो. पहिला सांगतो, तू मला वजा पंधराने ऐकू आलास. दुसरा म्हणतो, पोचले, तू मला वजा अठराने. पहिला म्हणतो, पोचले, नमस्कार. नमस्काराचा आकडा ७३ आहे, तारायंत्राच्या काळापासून चालत आलेला. झाले संभाषण. दीड मिनिट.

यात आडनाव नाही. ७७ बिटांत आडनावाला जागाच नाही. आम्हाला पहिल्या दिवशी हे ध्यानात आले नव्हते. मग एकदा सेटवर साध्या बोलण्याच्या पट्ट्यात एका गृहस्थांशी गाठ पडली. हवामान झाले, तारेची लांबी झाली, आणि मग त्यांनी विचारले, "पूर्ण नाव काय म्हणालात?" त्यांच्या मनात काही नसेलही. पण हा प्रश्न आपल्या लोकांना कुठे लागतो ते या पानाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. लेकीने फक्त आपली खूण पुन्हा सांगितली, अक्षर-अक्षर करून. त्या दिवसापासून आम्ही पंधरा सेकंदांच्या या मुक्या बोलण्याला अधिकच चिकटलो. इथे तुमची नोंद होते ती फक्त किती ऐकू आलात याची.

आता कळा फिरवण्याविषयी. घरातली आई म्हणते, मशीनच सगळं करतं, तुम्ही नुसते बसता. अर्धे खरे आहे. "ऑटो सीक्वेन्स"वर टिक केली की पुढचा संदेश कोणता ते कार्यक्रमच ठरवतो. पण घड्याळ आपल्याच हाती असते. लॅपटॉपचे घड्याळ एकदा तीन सेकंद मागे पडले आणि दोन संध्याकाळी आम्हाला एक अक्षर दिसले नाही. तार तपासली, जोड तपासले, शेवग्याच्या झाडावरही संशय घेतला. दोष घड्याळात होता. उजव्या-डाव्या रकान्यांत काय लिहिले आहे ते वाचायची सवय तेव्हापासून लागली. "डीटी" नावाचा रकाना दुसऱ्याच्या आणि आपल्या घड्याळातला फरक सांगत असतो. तो सगळ्यांच्याच पुढे एकसारखा वाढलेला दिसला, तर चूक जगाची नसून आपली आहे.

आवाजाची पट्टी ही दुसरी गोष्ट. नव्या माणसाला वाटते, पट्टी वर ढकलली की लांब पोचेल. लॅपटॉपमधून सेटमध्ये जाणारा आवाज जास्त झाला की सेट तो वेडावाकडा करतो, आणि तुमचा एक सिग्नल दुसऱ्यांच्या पडद्यावर तीन ठिकाणी दिसतो. आम्हाला एका अनुभवी माणसाने सौम्य शब्दांत तसे कळवले होते. आता आम्ही सुई हलायच्या आतच पट्टी ठेवतो आणि वीस-पंचवीस वॅटवर समाधान मानतो.

तिसरी चूक बापाची. लेक कामावर गेली होती, सेट चालू होता, बाप बसला आणि दुपारभरात तीन देश केले. संध्याकाळी वही लिहिताना कळले की कार्यक्रमात खूण लेकीचीच राहिली होती. म्हणजे बोलला बाप, नाव गेले लेकीचे. "पप्पा, हे माझ्या खात्यात नको," ती म्हणाली. तिन्ही ठिकाणी चूक कळवली, वहीतून ओळी खोडल्या. या कार्यक्रमात "कॉन्फिगरेशन" म्हणून सोय आहे, प्रत्येकाची मांडणी वेगळी ठेवता येते. आता बसताना पहिल्यांदा ती बदलायची आणि उठताना पाठवण्याचे लाल बटण बंद करायचे, असा घरचा नियम आहे. सहा मिनिटे कोणी हात लावला नाही तर कार्यक्रम आपण होऊन थांबतो, पण त्यावर विसंबायचे नाही. परवाना माणसाच्या नावाने असतो.

असे करता करता लेकीच्या वहीत एकोणपन्नास देश झाले.

नोव्हेंबरच्या अखेरची रात्र. अकरा वाजत आले होते. या वेळी पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर दिवस उगवायला लागतो, आणि उजेड-अंधाराच्या त्या शिवेवर कधी कधी लांबची वाट उघडते. पडद्यावर फिजीचे एक स्टेशन हाक देताना दिसले. फिजी इथून सुमारे बारा हजार किलोमीटर. १८७९ पासून १९१६ पर्यंत इंग्रजांनी आपल्या देशातले मजूर करारावर उसाच्या मळ्यांत नेले ते हेच बेट. त्यांना जहाजात आठवडे लागत. लहरीला सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. लेकीने त्या ओळीवर दोनदा क्लिक केले, लाल बटण पेटले, आमची खूण आणि एमके-६८ निघाले. दुसऱ्याच फेरीला उत्तर आले: वजा एकोणीस. स्वच्छ, निःसंशय. त्याला आम्ही ऐकू गेलो होतो. आम्ही पाठवले: पोचले, तू वजा सोळा. आता त्याचे "पोचले, नमस्कार" यायचे बाकी.

आले नाही. पुन्हा पाठवले. पडदा कोरा. पुन्हा पाठवले. चौथ्या वेळी ओळ उमटली: आमची खूण, त्याची खूण, आरआर-७३. बापाने टाळी वाजवली. कार्यक्रमाने आमचा ७३ पाठवला आणि नोंद करू का म्हणून खिडकी उघडली. लेकीने होय म्हटले. पन्नास!

सकाळी बापाने चहाच्या टपरीवर ही बातमी सांगितली. तिथून ती वस्तीतल्या विहाराच्या कमिटीकडे गेली. २५ डिसेंबरला सकाळी देहूरोडला वर्धापन दिनाला जायचे आणि संध्याकाळी आपल्या विहारात मनुस्मृती दहन दिन, स्त्रीमुक्ती दिन करायचा, असा दरवर्षीचा पाठ असतो. सचिवांनी फळ्यावर रंगीत खडूने लिहूनही टाकले, पन्नास देशांशी संपर्क साधणाऱ्या आपल्या कन्येचा सत्कार.

इकडे लेक दुसऱ्या रात्री जुन्या ओळी चाळत होती. त्या आरआर-७३ च्या ओळीच्या पार उजव्या टोकाला एक प्रश्नचिन्ह होते आणि त्यापुढे ए-६. घाईत कोणी पाहिले नव्हते.

या खुणेचा अर्थ असा. गोंगाटात फार थोडे हाती लागले तर कार्यक्रम एक युक्ती करतो. तो म्हणतो, या दोघांचे बोलणे चालू आहे, खुणा ठाऊक आहेत, पुढे काय यायचे तेही ठाऊक आहे. मग आलेला आवाज त्या अपेक्षेशी कितपत जुळतो एवढेच पाहू. अर्ध्या ऐकलेल्या फोनवर आपण पुढचा शब्द मनानेच भरतो ना, तसे. बहुतेक वेळा ते बरोबर निघते. विश्वास कमी असला की कार्यक्रम प्रामाणिकपणे प्रश्नचिन्ह लावतो. म्हणजे यंत्राने आपले काम केले होते. प्रश्नचिन्ह न वाचता होय म्हटले होते ते आम्ही.

त्या रात्रीचा आवाज लॅपटॉपमध्ये साठवलेला होता. कार्यक्रमात तशी सोय आहे. लेकीने ती फाईल पुन्हा उघडली, अपेक्षेची टिक काढून टाकली आणि परत वाचायला लावले. कोरे. टिक लावली, आरआर-७३, प्रश्नचिन्ह. टिक काढली, कोरे. पाच-सहा वेळा केले असेल.

इथे आम्ही दोघे एकमताचे नव्हतो, हे लपवत नाही. बापाचे म्हणणे, कोरे आले म्हणजे त्याने पाठवले नाही असे सिद्ध होत नाही. त्याने आपल्याला ऐकले होते, हे तर पक्के आहे. शंभरातल्या ऐंशी वेळा असली ओळ खरी असते. आणि मनातले खरे बोलणे नंतर निघाले: "आपल्या माणसाला आयुष्यात कधी कोणी संशयाचा फायदा दिला? नोकरीत दिला? शाळेत दिला? एकदा आपण घेतला तर कुणाचं काय जातं?"

लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पप्पा, त्याने 'पोचलं' म्हटलं की नाही ते आपल्याला माहीत नाही. त्याच्या तोंडी ते आपण कसं घालायचं?"

बाप म्हणाला, तो बारा हजार किलोमीटरवर आहे, त्याला कुठे कळणार आहे. म्हटल्यावर त्यालाच ते ऐकायला बरे वाटले नाही. सकाळ-संध्याकाळ पंचशील म्हणणाऱ्या घरात चौथे शील मोठ्याने आठवून द्यावे लागत नाही. आई स्वयंपाकघरातून इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "त्यानं म्हटलं का तुमच्या मशिनीनं म्हटलं, एवढंच सांगा. मशिनीनं म्हटलं असेल तर मशिनीचा सत्कार करा."

तरी आम्ही थांबायचे ठरवले. हॅम मंडळी आपापल्या वह्या इंटरनेटवर चढवतात. दोन्ही वह्यांत तीच वेळ, तीच खूण जुळली की संपर्क पक्का. फिजीच्या स्टेशनाने दोन आठवड्यांनी वही चढवली. त्या रात्रीचे त्याचे इतर संपर्क तीत होते. आमचा नव्हता. आमचे "पोचले" त्याला पोचलेच नव्हते.

विहारात सांगायला दोघेही गेलो. सचिव म्हणाले, "दादा, एकानं काय फरक पडतो? पन्नास कसं भरल्यासारखं वाटतं. आणि पत्रिका वाटून झाल्या." बापाने लेकीकडे पाहिले. "काका, एकोणपन्नास लिहा," ती म्हणाली. ते जरा नाराज झाले. त्यांचेही चूक नव्हते. आपल्या पोरीचे कौतुक करायला त्यांना गोल आकडा हवा होता. शेवटी त्यांनी स्वतःच फडके घेतले. पन्नासाचा गुलाबी खडू पुरता पुसला गेला नाही, त्याच्यावरच एकोणपन्नास आले.

सत्कार झाला, शाल आणि पुस्तक मिळाले. लेकीला चार शब्द बोलायला सांगितले होते. भाषण तिला येत नाही. तिने लॅपटॉप उघडला आणि एकोणपन्नास देश बाजूला ठेवून ही फिजीचीच गोष्ट सांगितली. घड्याळ, पट्टी, टिक, प्रश्नचिन्ह सगळे दाखवले. टिक काढून कोरा पडदा दाखवला, टिक लावून ओळ दाखवली. मागच्या पोरांनी "अजून एकदा, ताई" म्हणून ते तीनदा करायला लावले. सचिवही पुढे येऊन वाकून पाहत होते.

मग तिने त्या पंधरा सेकंदांचा आवाज विहाराच्या स्पीकरवर लावला. नुसती घरघर, भाकरी भाजताना तव्यावर होते तशी. पहिल्या ओळीत बसलेल्या एका आजींनी कानामागे हात धरला.

"यात फिजी कुठं हाय गं?"

"असंल आजी, नाहीतर नसंलही."

आजींनी थोडा विचार केला. "परत लाव," म्हणाल्या. लेकीने परत लावला.